त्यांच्या तोंडी उरलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

नव्याण्णव साली, आंब्याची कलमं मोहोरली होती तेव्हा, यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. म्हणजे — सगळी नाही गेली. एक शब्द उरला. सुमती.

माझं नाव मंदा. आमच्या नात्यागोत्यात सुमती कुणी नाही. पण लग्नानंतर काही वर्षं हे बदलीवर हर्ण्याला एकटेच राहत होते. मी इथे मांडवीत, पदरात लहान मुलगी. हे शनिवारी यायचे. एखादा शनिवार चुकायचा, आणि मी तो कधी मोजलाही नव्हता. आता एकेक आठवायला लागले. कुठे होते तेव्हा? कुणाकडे?

डॉक्टर म्हणाले होते, बोलणं गेलंय, समज शाबूत आहे. मी त्यातून काय घ्यावं? — की हे समजून-उमजून तिचं नाव घेतायत.

मग मी बोलणं टाकलं. अंघोळ घालत होते, पेज भरवत होते, पण एक शब्दही न बोलता. ते हात पुढे करून "सुमती" म्हणाले, की मी उठून पडवीत जायची. कुणी भेटायला आलं, की त्यांच्यादेखत सांगायची, यांना आता काही कळत नाही हो. लोकांनी ते नाव ऐकू नये म्हणून. हळूहळू लोक यायचे थांबले. मला बरंच वाटलं.

पावसाळा सरल्यावर मुलीने हट्टाने वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंकडे न्यायला लावलं. बाईंनी यांच्यासमोर कंगवा धरला. "हे काय?" त्यांनी विचारलं.

"सुमती," हे म्हणाले.

पेला धरला. "सुमती." चावी. "सुमती." मग यांनी स्वतःच डाव्या हाताने कपाळावर मारून घेतलं, आणि रडले.

बाई म्हणाल्या, या आजाराला अफेजिया म्हणतात. मनात पाणी असतं, तोंडातून भलताच शब्द येतो. एखादाच शब्द अडकून बसतो. तो कुठला, हे माणसाच्या हातात नसतं.

म्हणजे पडवीत जाताना मी ज्याकडे पाठ फिरवत होते — ते पाणी मागणं होतं?

बाईंनी विचारलं, "घरी त्यांच्याशी बोलता ना? सावकाश, भरपूर? सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात."

"हो," मी म्हणाले. "दिवसभर बोलते."

हे शेजारीच बसले होते. सगळं कळत होतं त्यांना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — आणि बाईंकडे वळून मान हलवली. हो म्हणून.

त्या दिवसापासून मी बोलायला लागले. पाणी, नको, बस — एवढे शब्द परत आले. मंदा आलं नाही. पुढे चार-पाच वर्षांनी हे गेले.

सुमती कोण, ते मला आजही ठाऊक नाही. कधीमधी अजूनही मनात येतं — असेल का कुणी? तेवढीही मी सुधारलेली नाही.