थरथरती जीप

दुपारी दोन वाजता शशिकलाताई सरनोबत पलंगावर आडव्या होतात त्या झोपायला नव्हे, रुसायला. चार वाजता भंगारवाल्याचा ट्रक येणार आहे आणि दारातली जीप घेऊन जाणार आहे. मुलाने, धैर्यशीलने, परस्पर ठरवून टाकलंय. ताईंनी जेवताना अवाक्षर काढलं नाही, रागारागाने दोन भांडी ताक तेवढं प्यायल्या. पण ताकापुढे राग किती टिकणार? पापण्या जड होऊ लागतात.

जीप आनंदरावांची. आनंदराव म्हणजे ताईंचे यजमान. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. चारही चाकांना जोर मिळणारी जुनी पेट्रोल जीप, आजऱ्याच्या चिखलात ट्रॅक्टर रुतेल पण ही नाही. पस्तीस वर्षांत आनंदरावांनी बायकोला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. ते गेल्यावर एकसष्टाव्या वर्षी ताई हट्टाने गाडी शिकल्या आणि नेमकं तेव्हापासून जीपचं बिनसलं. पळताना सुतासारखी सरळ. पण उभी राहिली की अंगात आल्यासारखी थरथरते आणि बंद पडते. तीही हमखास बाजारात, पानपट्टीसमोर. दस्तगीर मिस्त्रींनी प्लग बदलले, पॉइंट घासले, पेट्रोलात हवा मिसळणारा कार्बोरेटर जागेवरच उघडून दोनदा धुतला आणि शेवटी हात टेकले. मालक गेला आणि जीप बाईच्या हातात नांदेना, असं गाव म्हणतं. ताईंना ते फार लागलंय. आज जीप गेली की गावाचं म्हणणं खरं ठरणार.

वर पंखा घरघरतोय. घरघर मधेच अडखळते, पुन्हा लागते, पुन्हा अडखळते.

"ऊठ की गं. भर दुपारची झोपलीयास काय?"

स्वयंपाकघरात, ओट्याला लागून, जीप उभी आहे. बॉनेट उघडं, आणि त्यात डोकं घालून आनंदराव, नेहमीच्या भोकाच्या बनियनवर. हा माणूस आता नाही, हे ताईंना पक्कं ठाऊक आहे. पण आधी नजर जाते ती त्याच्या पायांकडे.

"फरशी आत्ताच पुसलीय," त्या म्हणतात. चौदा महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य हे. आनंदराव पूर्वीसारखेच निमूटपणे एकेक पाय उचलून पायपुसण्यावर ठेवतात.

मग त्यांचं सुरू होतं. प्लग बघ म्हणतात. ताई सांगतात, बदलले. टायमिंग बघ म्हणतात. तेही झालं. मग हल्लीच्या पेट्रोलात काही राम उरला नाही, यावर एक छोटं भाषण होतं. ताई ऐकत नाहीत, बघत असतात. हा माणूस इंजिनात सगळीकडे नजर फिरवतोय, फक्त कार्बोरेटरच्या बुडाकडे बघत नाही. लाडू चोरून खाल्ल्यावर अख्खं घर न्याहाळायचा आणि डब्याकडे तेवढं बघायचा नाही, तसंच. पस्तीस वर्षं संसार केला की नवरा काय बघतो यापेक्षा काय टाळतो हे बाईला आधी दिसतं.

"चोक ओढून हवा जरा कमी केली की थरथर थांबते," ताई म्हणतात. "म्हणजे ही कुठून तरी जादा वारा ओढतेय."

"तुला कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. चौकात बंद पडून पडून आलं."

हे बोलताना त्यांच्या अंगावर शालू आहे. गडहिंग्लजच्या मांडवात त्यांचं लग्न लागतंय आणि स्टेजवर दोन खुर्च्यांच्या जागी जीप चालू ठेवलीय. पाहुणे रांगेने येतात, बॉनेटला नमस्कार करतात आणि जेवायला जातात. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. जीप अशी थरथरतेय की मडगार्डवरच्या अक्षता नाचताहेत. ताईंच्या हातात पाण्याचा तांब्या आहे. त्या इंजिनाच्या सांध्यासांध्यावर थेंब थेंब पाणी सोडत जातात. इथे काही नाही, तिथे काही नाही. कार्बोरेटरच्या बुडाशी थेंब पडतो आणि इंजिन तो घोटकन आत ओढतं. क्षणभर आवाजच बदलतो. फट तिथेच आहे.

ताई इंजिन बंद करून पाना मागतात. आनंदराव सबंध पानापेटी उपसून शेवटी तो देतात. कार्बोरेटर वर उचलला जातो आणि खाली फट बुजवणाऱ्या गास्केटच्या जागी निघते फुगलेली, चिरा पडलेली काळ्या रबराची एक गोल पट्टी, तुकडे जोडून बसवलेली.

ताई ती उन्हाकडे धरून बघतात. "ही माझ्या कुकरची रिंग आहे."

भटजी मंत्र थांबवतात. आनंदराव सांगून टाकतात. सहा वर्षांमागे गास्केट फाटलं, रविवार, दुकानं बंद, आणि दूध संस्थेच्या सभेला अध्यक्षच, म्हणजे हे स्वतः, चालत गेले तर बरं दिसलं नसतं. म्हणून तात्पुरती घातली. आता आपल्याकडे तात्पुरतं म्हणून जे बसवतात ते माणूस गेला तरी हलत नाही, हे काय नवीन आहे? पण त्या वर्षी रिंग नेल्याचा संशय ताईंनी नणंदेवर घेतला होता. अख्खी दिवाळी दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या आणि हा गृहस्थ मध्ये बसून करंज्या खात होता.

"मी देवाघरी जाईपर्यंत टिकली की नाही?" आनंदराव म्हणतात. "मग झालं तर."

ताईंना चिडायचं असतं, पण हसू फुटतं, आणि हसता हसता रडू. या माणसाची त्यांना भयंकर आठवण येते, रोज येते. त्या तसं त्याला सांगतातही. तो खिशातून त्यांचीच लग्नपत्रिका काढतो आणि तिच्या जाड कागदाचं सुबक गास्केट कापू लागतो.

आंबोलीचा घाट आहे, दाट धुकं आहे. जीप वळणावर चालू उभी आहे आणि एकदाही अडखळत नाही. स्टिअरिंगवर ताई, शेजारी आनंदराव.

"मला कधी चालवायला का दिली नाहीत?"

आनंदराव तळव्याने काचेवरचं धुकं पुसतात. "भ्या वाटायचं. तुला गाडी आली, की मग मला कशाला इचारशील तू?"

"आणि आता?"

"आता चालीव की. तुलाच कळती ती." ते वाकून कुठेतरी इंजिनाच्या काजळीत अंगठा घासतात आणि लहान मुलीला लावावी तशी ताईंच्या कानामागे तीट लावतात. "गावाची नजर वाईट हाय."

"आई, ट्रक आलाय."

उशाशी धैर्यशील उभा आहे. पंखा फिरतोय, घड्याळात चार. ताई उठून बसतात. कानामागे काहीतरी चिकट लागतंय. त्या बोट लावून बघतात. बोट काळं, आणि त्याला पेट्रोलचा वास.

"परत पाठव," त्या म्हणतात. "जीप जाणार नाही. कार्बोरेटरच्या बुडाचं गास्केट गेलंय, एवढंच. दस्तगीरना म्हणावं, जाड कागद घेऊन या, मी दाखवते."

"गास्केट? कोण म्हणालं?"

ताई पदर कानावरून ओढून घेतात, तीट पुसली जाऊ नये अशा बेताने.

"ज्यांनी घातलं, तेच."