उल्केची सावली

नांदेडच्या बसस्थानकातून निघाले तेव्हा माझ्याकडे पाण्याची बाटली, होकायंत्र आणि अर्धी उल्का होती. अर्धीच! आदल्या दिवशी दिवेलागणीला गच्चीवर उभी होते. दक्षिणेला हिरवट उजेड फुटला आणि बघता बघता तो शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे गेला. मेली ती टाकी! हे असते तर त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यातून उरलेली वाट टिपली असती. वर्षानुवर्षं आम्ही आभाळ असंच वाटून घ्यायचो. गेल्या पावसाळ्यात हे गेले आणि सगळं आभाळ माझ्याच वाटणीला आलं.

एवढ्या तेजस्वी उल्केची नोंद करायची, तर दोन ठिकाणांहून दिशा लागतात. तेवढ्यात देवणीहून ह्यांच्या भाच्याचा फोन आला, "मामी, शेजारच्या सुमनमावशींनी त्यो उजेड बघितलाय वाटतं. धार अर्धी टाकून घरात गेल्या, तवापासून गपच हायत."

मुखेडमार्गे उदगीर येईपर्यंत हाडं खिळखिळी झाली. स्थानकासमोर सुशीलाची (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट नाश्ता) प्लेट घेतली. ह्यांना त्यात शेंगदाणे जास्त लागायचे. मीही तसेच मागितले. मला शेंगदाणे मुळीच आवडत नाहीत.

पुढे देवणीची जीप भरल्याशिवाय हलेना. पोचले तेव्हा सुमनमावशी गोठ्यात होत्या. मी होकायंत्र काढलं, तर त्यांच्या काळ्या-पांढऱ्या गाईनं ते चाटूनच टाकलं.

"मावशी, तो तारा कुठून कुठं गेला? नुसतं बोट दाखवा."

"न्हाई बाई. तुटल्या ताऱ्याला बोट दावत न्हाईत. कुणाचा तरी जीव असतो त्यो. मालकाला बी न्हाई सांगितलं मी."

रागच आला मला. एवढ्या लांब काय गाय बघायला आले? पण मावशींनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते. जबरदस्ती करवेना. मग एकदम सुचलं.

"बरं, तारा राहू द्या. उजेड पडला तेव्हा तुमची सावली कुठं होती?"

त्या हसल्या. "सावली सांगायला काय झालं? माझीच हाय की!"

बादली घेऊन त्या धारेला बसतात तशा बसल्या. सावली आधी गव्हाणीवर (वैरण टाकायची जागा) पडली आणि सरकत खुंट्यापर्यंत गेली, म्हणाल्या. होकायंत्र पुसून मी दोन्ही दिशा घेतल्या. सावलीच्या बरोबर उलट बाजूला उल्का. मिळाली की उरलेली अर्धी!

चहा देताना त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं कोन गेलंय?"

"मालक." इतक्या महिन्यांत असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. मला रडू आलं.

त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाल्या, "अन् तुमची सावली कुठं पडली हुती?"

मी बघितलीच नव्हती.

नांदेडला परतले, खगोल मंडळाला नोंद पाठवली. संध्याकाळी गच्चीवर त्याच जागी, टाकीकडे तोंड करून उभी राहिले आणि मागे वळले. मागे ह्यांची खुर्ची होती. म्हणजे त्या संध्याकाळी माझी सावली तिथंच पडली असणार. वळून बघितलं असतं तर क्षणभर का होईना, खुर्चीत कुणीतरी बसलेलं दिसलं असतं. आणि मी टाकीला शिव्या देत होते!

आता पुढची उल्का पडली की आधी मागे बघणार आहे.