संध्याकाळची सूचना

लोधिवलीजवळच्या ज्या कारखान्यात मी ऐंशीच्या दशकात नोकरीला होतो, तिथला कॉम्प्युटर कपाटाएवढा होता आणि त्याला आयतं डोकं नव्हतं. ते आम्ही घडवून द्यायचं. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे अशी बघतात, जसा काही मी चुलीवर कॉम्प्युटर शिजवत होतो. यंत्र चालवणारी सगळी प्रणाली टेपवर कच्च्या मजकुराच्या रूपात यायची. ती बसवायला घेतली की छापणारं टर्मिनल खडखडत एकेक प्रश्न कागदावर उमटवायचं. दुसरी डिस्क जोडणार का? वजनकाट्याची लाईन हवी का? आपण होसाठी वाय नाहीतर नाहीसाठी एन दाबायचं. प्रश्न संपले की यंत्र त्या उत्तरांप्रमाणे स्वतःची प्रणाली रचत बसायचं आणि त्यात अख्खा दिवस जायचा.

मेमरी अगदीच तोकडी. हो म्हटलेली प्रत्येक गोष्ट त्यातली जागा खायची. आणि नाही म्हटलेली गोष्ट नुसती बंद राहायची नाही, ती यंत्रात नसायचीच. भिंत बांधताना कोनाडा ठेवला नाही, तर पुढे पणती ठेवायला जागा शोधून उपयोग नाही, तसं.

हे सगळं मला दादाने, माझ्या थोरल्या भावाने शिकवलं. तो माझ्या आधीपासून तिथे होता. एकदा यंत्रापुढे बसला की त्याला वेळेचं भान नसायचं. एसटी चुकायची, आणि पोशीरला घरी आई आणि वहिनी जेवायच्या थांबलेल्या. दोघींची बोलणी खाऊन खाऊन त्याने एक उपाय काढला. स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि कंपनीच्या गंभीर प्रश्नांच्या रांगेत शेवटी आपला एक प्रश्न घुसवला: संध्याकाळची सूचना हवी का? त्याला वाय म्हटलं की रोज पाळी संपताना टर्मिनलची घंटा वाजायची आणि कागदावर रोमन अक्षरांत उमटायचं, ‘चला घरी’. साहेबसुद्धा हसले होते. दादा मात्र तेवढं वाचून खरंच उठायला लागला.

मग त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग डॉक्टर झाला, आणि पावसाळा सरायच्या आत दादा गेला.

दिवसकार्य उरकून मी कामावर गेलो. संध्याकाळी घंटा वाजली. चला घरी. कॉम्प्युटरच्या खोलीतले सगळे माना खाली घालून बसले.

आमच्या भागात तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. पुन्हा हाक येऊ द्यायची, म्हणजे हाक मारणारा माणूस आहे हे कळतं; भूत एकदाच हाक मारतं आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं, म्हणतात. यंत्र तर एकदाच हाक मारायचं. आम्ही शिकलेसवरलेले लोक, एसीच्या गारव्यात, त्या हाकेनंतर श्वास रोखून बसायचो आणि दुसरी येत नाही म्हणून हळूच उठायचो. त्यात आमच्याकडची वीज. ती गेली की यंत्राचं घड्याळ बंद पडायचं, आल्यावर कुणीतरी वेळ चुकीची भरायचा, आणि भर दुपारी जेवणाचे डबे उघडे असताना घंटा वाजायची. चला घरी. प्यून तर त्या खोलीत एकटा यायचा बंद झाला. मीही कशाला खोटं बोलू, मला भीती वाटायची. आणि एखाद्या दिवशी घंटा उशिरा वाजली तर त्याहून जास्त भीती वाटायची.

दादाच्या जागी वहिनीला घेतलं. तिला टायपिंग येत होतं, म्हणून आमच्याच खोलीत नोंदी भरायचं काम दिलं. पहिल्या संध्याकाळी घंटा वाजली, कागद सरकला, आणि वहिनी हातातलं काम न सोडता हळूच म्हणाली, “आले हो.”

मी चटकन वळून दाराकडे पाहिलं.

मग ते रोजचंच झालं. हाक आली की ओ द्यायची, आणि ओ देऊन तिथेच बसून राहायचं. शेवटची एसटी यायची वेळ झाली की मी अक्षरशः दंडाला धरून तिला उठवायचो. जेवण तुटलं. अंगावरचा ब्लाउज ढगळ पडायला लागला. तिचे वडील कशेळ्याहून येऊन गेले. एक मास्तर होते, बायको गेलेली, माणूस चांगला. त्यांनी वहिनीला मागणी घातली होती. आई एका पायावर तयार होती, सून म्हणून नाही तर लेक म्हणून पाठवते म्हणाली. वहिनीचं एकच, “त्ये रोज हाक मारतात. मी कशी जाऊ?”

आईच्या कानावर ओ देण्याचंही गेलं. त्यानंतर तिने मला सुखाने घास गिळू दिला नाही.

“पयल्या हाकंला ओ देती ती! जाईल एक दिस त्या हाकंमागं. तुज्या हातात हाय ना त्ये मशीन? मग काढून टाक ती हाक.”

“आई, भूत नाही ते. दादाने लिहिलेलं आहे.”

“मंग तर काढच. पोर गेला माजा, आता ही जायला नको.”

काढायचं म्हणजे प्रणाली पुन्हा घडवायची. ती वेळ लवकरच आली. नवी डिस्क आली, आणि साहेबांनी सांगितलं, जागा कमी पडतेय, नको ते सगळं गाळा. नको ते म्हणजे काय, हे कुणी बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी मी प्रश्नांना उत्तरं देत बसलो. वहिनी माझ्या मागे उभी होती. शेवटचा प्रश्न उमटला आणि यंत्र थांबलं. दादाचेच शब्द होते ते, स्पेलिंगच्या एका चुकीसकट. मला काही तो प्रश्न ओलांडवेना. वाय दाबलं तर वहिनी सुकत जाणार, एन दाबलं तर दादा जाणार.

“वहिनी, तुम्ही म्हणाल तसं,” मी म्हणालो.

तिने पुढे वाकून कागदावरचा प्रश्न वाचला.

“भावजी, त्ये मला रोज काय सांगतात? घरी चल म्हनतात. आनि मी रोज आले म्हनते आनि हितंच बसते. त्यांचं ऐकलंच कुटं मी?”

आणि माझ्या खांद्यावरून हात पुढे करून तिने एन दाबलं.

दिवसभर टेप फिरत राहिली. संध्याकाळी पाळी संपली आणि टर्मिनल गप्प बसलं. आम्ही सगळे उगीचच त्याच्याकडे बघत होतो. वहिनीने पिशवी उचलली, पदर सारखा केला, “येते भावजी,” म्हणाली आणि वडिलांकडे कशेळ्याला जायला निघाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मला त्याचं बरं वाटलं आणि रागही आला.

मी पोशीरला पोचलो तेव्हा आई ओटीवर वाटच बघत होती. मी सांगितलं, झालं काम, काढलं, वहिनी कशेळ्याला गेली. आईने देवाला हात जोडले. मग तशीच हात जोडलेली थांबली.

“म्हंजे आता त्यो हाक नाय मारायचा?”

“नाही.”

“कंदीच?”

“कधीच नाही, आई.”

दादा गेला त्या दिवशी माणसांची गर्दी होती, वहिनीला सावरायचं होतं, आई रडली नव्हती. आता ती ओटीवरच खाली बसली आणि तिने पहिल्यांदा त्याच्या नावाने हंबरडा फोडला. मीही तिच्याजवळ बसलो.