हुरड्याची सोडत

आमच्याकडं हुरडा कुणी कुणाला विकत नसे. ज्वारीचा दाणा कोवळा, हिरवा असतानाच कणसं तोडायची, शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची आणि बांधावरून जाणारा जो दिसेल त्याला हाक मारायची. माणूस ओळखीचा असो नसो, बसून चार मुठी खाऊनच पुढं जायचा. नाही म्हणणाऱ्याचा राग यायचा. म्हणून लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, या वर्षी आपण हुरड्याचा गिव्हअवे करू," तेव्हा मी आधी तिला ते काय असतं म्हणून विचारलं, आणि समजल्यावर तर ते मुळीच पटलं नाही.

शेताचं पेज तिनंच काढलेलं. ही, म्हणजे लेकीची आई, गेल्यावर मी परभणीतलं घर बंद केलं आणि जिंतूर रोडच्या शेतातल्या दोन खोल्यांत येऊन राहिलो. नोकरी आधीच संपली होती. करमत नाही, असं एकदा बोलण्याच्या ओघात लेकीला म्हणालो आणि तिनं ते मनावर घेतलं. "लोक आजकाल पैसे देऊन शेतावर हुरडा खायला येतात, बाबा. तुमच्याकडंही येतील." मागच्या हंगामात तिनं पेजवर माझे फोटो टाकले. फोटोंवर लाल बदाम पुष्कळ पडले. माणूस एक आला नाही.

गिव्हअवेचे नियम तिनंच ठरवले. पेज फॉलो करायचं, पोस्ट लाईक करायची आणि खाली आपल्या चार मित्रांना टॅग करायचं. सोडतीत ज्याचा नंबर लागेल त्याला आणि त्याच्या त्या चौघांना आमच्या शेतात हुरडा फुकट. मी म्हणालो, "फुकटच द्यायचाय तर नंबर कशाला लावायचा? येईल त्याला देऊ की."

"तसा दिला तर कुणी येत नाही, बाबा."



तरी मी हो म्हणालो, ते वेगळ्याच कारणानं. सोडतीतली माणसं येतील त्या दिवशी व्हिडिओ काढायला ती स्वतः येणार होती. गेले दोन हंगाम ती आली नव्हती. हुरड्याचे दिवस मोजकेच. दाणा एकदा निबर झाला की आगटी कितीही फुलवा, चोळून काही निघत नाही. फॉलोअर गेले खड्ड्यात, मला माझी लेक आगटीशी बसून खाताना बघायची होती.

पोस्टखाली कॉमेंट धो धो आल्या. कोल्हापूर, नाशिक, नागपूर. जन्मात या रस्त्याला न येणारी माणसं एकमेकांना टॅग करून "चला रे" म्हणत होती. एका बाईंनी कुरिअर करता का, असं विचारलं. हुरडा म्हणजे काय पापड आहे? मी तिखट उत्तर लिहायला घेतलं होतं, पण लेकीनं पेजचा पासवर्ड बदलून टाकला. शेवटी व्हिडिओ कॉलवर तिनं सोडत काढून दाखवली. नावं गरगर फिरली आणि मानवतच्या एका गृहस्थांपाशी थांबली. निदान जिल्ह्यातला माणूस निघाला, याचंच मला बरं वाटलं.

रविवार ठरला. शुक्रवारी लेकीचा फोन आला. ऑफिसात काम निघालं होतं, सुट्टी मिळत नव्हती. "फोटो तुम्हीच काढा. आणि बाबा, गर्दी दिसली पाहिजे हं. पण हुरडा संपायच्या आत मी येतेच, पुढच्या शनिवारी नक्की." मी बरं म्हणालो. त्या संध्याकाळी शेंगदाण्याची चटणी कुटताना इतका राग राग करत होतो की मीठ दोनदा पडलं. फेकून नवी केली.

रविवारी सतरंजी टाकली. पाहुणे पाच, म्हणून पाच पत्रावळ्या मांडल्या. प्रत्येकीवर चटणी, गुळाचा खडा, दही आणि ओल्या हरभऱ्याचे ढाळे. एसटी थांबली आणि एकच माणूस उतरला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा.

"बाकीचे मागून यायलेत का?" मी विचारलं.

"न्हाई काका. मी एकलाच हाय."

असेल काही अडचण, म्हणून मी खोदून विचारलं नाही. कणसं भाजली, गरम गरम चोळून, पाखडून दाणे त्याच्या पुढं ठेवले. त्यानं मूठ उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"काका, खोटं बोलून खावं वाटंना. टॅग केलेले ते चौघं बी मीच हाय."

"म्हणजे?"

"चार अकाउंट काढले. टॅग करायला कुणी न्हवतं."

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. तो एका आडत दुकानात मुनीम होता. दिवसभर शेतकरी, हमाल, व्यापारी सगळ्यांशी बोलणं. "वळखीचे लय हायत," तो म्हणाला, "पर हुरड्याला चला म्हणावं, असं एक नाव सुचंना." खरं तर लबाडीचा राग यायला पाहिजे होता. पण मी मनात माझे चार आठवायला लागलो होतो. पहिलं नाव हिचं आलं. दुसरं लेकीचं. पुढं गाडी सरकेना. मला त्याच्यापेक्षा माझंच वाईट वाटलं.

"खा," मी म्हणालो. "पाच जणांचं हाय, तुमालाच संपवायचंय."

तो पोटभर जेवला. फोटोचा विषय काढला तेव्हा त्यानंच युक्ती सांगितली. तोंडं घ्यायची नाहीत, नुसते हात घ्यायचे. फोन टायमर लावून दगडाला टेकवून ठेवला, पाची पत्रावळ्या भरून जवळ ओढल्या आणि दोघांनी चारी हात निरनिराळ्या बाजूंनी घातले. फोटो पाहिला तर वाटावं, गाव लोटलंय. जाताना मी त्याला म्हणालो, पुढच्या वर्षी नंबर न लावता या. तो हो म्हणाला. फोन नंबर त्यानं मागितला नाही, मीही दिला नाही.

लेकीनं फोटो टाकला. गुरुवारी तिचा फोन आला, आवाजात किती दिवसांनी हुरूप होता. "बाबा, गिव्हअवे सार्थकी लागला. फॉलोअर किती वाढलेत बघा. आणि केवढी माणसं आली होती! तुम्ही एकटे असता म्हणून माझा जीव टांगणीला असायचा, आता काळजी नाही." मग म्हणाली, "या शनिवारी मला निघणं जरा अवघड दिसतंय. नाही आले तर चालेल ना?"

आगटीत अजून दोन-तीन दिवस भाजता येतील अशी कणसं रानात उभी होती. फोटोत फक्त दोनच माणसं होती, एवढं एक वाक्य बोललो असतो तर ती रात्रीच्याच गाडीनं निघाली असती, हे मला माहीत होतं.

"येऊच नकोस," मी म्हणालो. "शनिवारी तर इथं बसायला जागा नाही."

ती हसली. तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला फोनवरही कळलं.