मान वळवली की बाबा आडवे

माझे वडील पहिल्यांदा बेशुद्ध पडले ते दुसऱ्याच्या अंत्ययात्रेत.

आमच्याच शहरातल्या मुरार भागात त्यांचे जुने मित्र वारले होते. बाबा त्यांचा ठेवणीतला बंद गळ्याचा कोट घालून गेले. (मान जाड झाली होती, कोट नाही!) तिरडी उचलणार एवढ्यात मागून कुणी हाक मारली. बाबांनी मान वळवली आणि तिरडीशेजारीच आडवे झाले! चेहरा पांढराफटक.

"अरे, ये भी गए क्या?" गर्दीतून आवाज आला.

मी धावलो आणि त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. ते घसरले. पुन्हा बसवलं. पुन्हा घसरले.

"भैया, लेटने दो उनको!" कोणीतरी ओरडलं. झोपवल्याबरोबर बाबांनी डोळे उघडले.

"ऊन लागलं," ते ओशाळून म्हणाले. सावलीत!

दुसऱ्यांदा ते दाढी करताना पडले. हनुवटीला वस्तरा लागून रक्ताची धार. आईने किंकाळी फोडली. शेजारचे शर्माजी आले, म्हणाले, "मिर्गी है, जूता सुँघाओ." मी एम.एस्सी. झालेला माणूस, पण पायातला बूट काढून बापाच्या नाकाला लावला! बाबा शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य बोलले, "शी!"

त्यानंतर आई झोपेनाशी झाली. बाबांचा डोळा लागला की त्यांच्या नाकापुढे हात धरून बसायची.

शेवटी शहरातल्याच कंपू भागातल्या एका हृदयाच्या डॉक्टरांना गाठलं. ईसीजी चांगला आला. डॉक्टरांनी विचारलं, "गिरने से ठीक पहले क्या कर रहे थे?" कोट, हाक, दाढी, सगळं सांगितलं. त्यांनी आधी बाबांच्या मानेला स्टेथोस्कोप लावला, मग त्यांना झोपवून छातीला तारा जोडल्या आणि मानेची एक बाजू बोटांनी हलकेच चोळली.

पडद्यावरची उड्या मारणारी रेघ एकदम सरळ झाली.

आईने माझं मनगट आवळलं. "अहो!" एवढंच ती म्हणाली. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मग रेघ उचकी लागल्यासारखी हलली आणि पुन्हा धावू लागली.

"पकड़ में आ गया!" डॉक्टर खूश. "गर्दन की नस दबती है, तो दिल रुक जाता है. पेसमेकर लगेगा, ठीक हो जाएँगे."

त्या "अहो!"च्या पुढचं सगळं मला आईने नंतर सांगितलं. कारण तोपर्यंत मी जमिनीवर होतो.

डोळे उघडले तेव्हा नर्स माझे पाय वर धरून उभी होती आणि तारांसकट उठून बसलेले बाबा ओरडत होते, "डॉक्टर साहब, पहले इसको देखिए!"

डॉक्टरांनी मलाही तपासलं. "इनका दिल एकदम ठीक है," ते आईला म्हणाले, "बस, घबरा गए थे. पानी पिलाइए."

पेसमेकर बसवला त्या दिवशी आईने मला आत येऊच दिलं नाही. नर्सने बाहेर येऊन विचारलं, "मरीज़ के साथ कौन है?"

"मैं हूँ," आई म्हणाली. मग बाकाकडे बोट दाखवून, "और वो जो पैर ऊपर करके लेटा है ना, वो मेरे साथ है."