आधी माझं, किंवा त्याचं

आमची वहिनी चिडली की आवाज चढवत नाही, कपाट आवरते. त्या आठवड्यात घरातली चारही कपाटं आवरून झाली, तेव्हाच मी ओळखलं की ऑफिसात कुणाची तरी घडी भरली.

तिचं काम असं: दवाखान्यांच्या कॉम्प्युटरवर जी सॉफ्टवेअर पॅकेजेस जातात, त्यांतल्या प्रत्येकाला दुसरं कोणतं लागतं ते लिहून ठेवायचं. नोंदणीला छपाई लागते, तपासण्यांना छपाई लागते. हे छपाईचं पॅकेज तिनंच लिहिलेलं, नऊ वर्षं सांभाळलेलं. दादाच्या ऑपरेशनसाठी ती तीन महिने रजेवर गेली आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसानं त्याची नक्कल केली, रंग बदलले आणि स्वतःच्या नावानं नवं पॅकेज काढलं. त्याला सगळे साखऱ्या म्हणतात, इतकं गोड बोलतो. रजेत फोन करून दादाची चौकशीही करायचा मेला.

त्यानं त्यात एक ओळ घातली होती: जुनं आणि हे, दोन्ही एका कॉम्प्युटरवर राहणार नाहीत. म्हणजे याचं आलं की वहिनीचं निघालं. महिनाअखेरीला ते सगळ्या दवाखान्यांत जाणार होतं आणि तिचं नाव कायमचं पुसलं जाणार होतं.

वहिनीनं त्याची फाईल शांतपणे वाचली. जुन्याची जागा हे नवं भरून काढेल, ही दुसरी ओळ त्यानं लिहिलीच नव्हती. ती नसली तर नोंदणी, तपासण्या, औषधं सगळी जुन्यालाच शोधणार आणि ते गेलं की त्याच्या मागोमाग निघणार. साखऱ्याला कळलं नाही, कारण त्यानं ते रिकाम्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं होतं.

“सांगितलंस का त्याला?” मी विचारलं.

“त्यानं कुठं विचारलं?”

मला लाज वाटायला हवी होती. उलट मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

चाचणीच्या कॉम्प्युटरवर, साहेबांसमोर, साखऱ्यानं बटण दाबलं. काय काय काढलं जाईल त्याची यादी आली, वहिनीच्या पॅकेजखाली आणखी सव्वीस नावं. त्यानं न वाचताच ‘हो’ म्हटलं. थोड्या वेळानं फक्त त्याची छपाई उरली, छापायला काहीच नाही. साहेबांनी वहिनीला बोलावलं.

तिनं दोन दिवसांत सगळं निस्तरलं. त्या सव्वीस पॅकेजांच्या फाईलींत लिहिलं: वहिनीचं किंवा साखऱ्याचं. अशा ओळीत जे आधी, तेच कॉम्प्युटर आपणहून घेतो. दुसरं कुणी मुद्दाम मागितलं तरच येतं. आजवर एकाही दवाखान्यानं मागितलेलं नाही.

मग साखऱ्या तिच्या टेबलाशी आला. ऑफिसातले लोक रोज ती ओळ वाचून हसतात म्हणाला. “मॅडम, माझं काढूनच टाका ना.”

वहिनीनं मान वर केली नाही. “काढायची सवय तुम्हाला आहे, मला नाही. तुमचं नाव राहील. सव्वीस ठिकाणी, माझ्यानंतर. आणि मला निवृत्त व्हायला अजून एकोणीस वर्षं आहेत.”