दारातल्या चपलांची नोंद

मी आयुष्यात जितकी पत्रे लिहिली, तितकी माणसे मला भेटली नसतील. जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि साताऱ्याचे बिऱ्हाड मोडून कडेगावजवळच्या माझ्या गावी परतलो. तेव्हापासून एस.टी.चे आगार म्हणू नका, ग्रामपंचायत म्हणू नका, माझ्या टपालातून कोणी सुटलेले नाही. नियमबाह्य काही दिसले की माझे डोके पेटते. वय वाढले म्हणून ते थंड झालेले नाही; व्हावे अशी इच्छाही नाही.

त्याच संतापात मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंच कमिटीला रजिस्टर पत्र धाडले. उसाच्या रानाला लागून असलेले आमचे दगडी चर्च लहान आहे. रविवारी साठ-सत्तर माणसे जमतात. उपासनेत पेटी वाजवणारी, शिवणकामावर पोट भरणारी एक विधवा आणि एक विधुर माजी सैनिक विवाहावाचून एकत्र राहत होते. सर्वांना ठाऊक होते आणि पंचांसमोर सर्वजण गप्प होते. मी लिहिले की शास्त्र जारकर्मापासून पळ काढण्यास सांगते, शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर मानते. सबब या दोघांना प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसापासून दूर ठेवावे आणि बाईंकडून पेटी काढून घ्यावी. पुराव्यादाखल, सैनिकाच्या चपला सकाळी सहाच्या सुमारास बाईंच्या दारात दिसल्याचे एकोणीस दिवस तारखांसह नमूद केले.

दोनच दिवसांत चर्चचे पाळकसाहेब ते पत्र घेऊन माझ्या घरी आले. माझ्याहून तीस वर्षांनी लहान माणूस.

"काका, अर्ज अपुरा आहे," ते म्हणाले. "आधी त्यांना एकांतात भेटून चूक सांगितलीत का? ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार न्यायचे, आणि मग मंडळी. हा क्रम प्रभूने घालून दिलेला आहे."

"मी पोचपावतीसह लेखी कळवले आहे."

"पोचपावतीचे प्रभू काही बोलला नाही, काका."

मी खवळलो, कारण हरकत बिनतोड होती. अशाच त्रुटीवर मी स्वतः शेकडो अर्ज परत केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी बाईंच्या घरी गेलो. त्या मशीनवर बसल्या होत्या. खुर्ची पुढे केली तरी मी बसलो नाही. उभ्यानेच पत्र वाचून दाखवले. त्यांचा पाय मशीनवर थांबला.

"व्हय, खरं हाय," त्या म्हणाल्या. "पाप हाय, त्ये मला ठावं हाय. त्यांच्या पोरीचं लगीन होऊ दे, मग आपलं, असं म्हनता म्हनता दोन वरीस गेली. सारा गाव पाठीमागं बोलला. तोंडावर सांगाया तुमीच पयले आला. आता बसा की."

त्या साफ नाकारतील, अशा तयारीने मी गेलो होतो. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतका सरळ कबुलीजबाब मी ऐकला नव्हता. मी बसलो. त्यांनी पत्र मागून घेतले आणि तारखांवरून बोट फिरवले.

"आवं काका, तुमचा फिरायचा रस्ता तर वढ्याकडनं हाय न्हवं?"

"हो."

"मग एकोनीस दिस माझ्या दारावरनं का आला?" त्यांच्या कपाळावर खरोखरच प्रश्नाची आठी होती. "आनि दार तर बंद हुतं. मग चपला बघून मनात काय काय बघितलं?"

न्यायालयात व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोटाचे अर्ज येत. मुद्रांक आणि पानांचे क्रमांक तपासणे एवढेच माझे काम. पण ते जबाब मी अथपासून इतिपर्यंत वाचत असे, काही दोनदाही, आणि त्याला छाननी म्हणत असे. त्या दारासमोरही माझी चाल मंदावत होती. बंद दारामागचे मी कल्पिले होते, आणि आवडीने कल्पिले होते. वासनेने पाहणाऱ्याने अंतःकरणात पाप केलेच, ही शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो. आणि सिद्ध होऊ न शकणारा आरोप म्हणून मनोमन बाजूला ठेवत आलो. साक्षीदार कोण? दस्तऐवज कुठला? शिलाई मशीनसमोरच्या त्या खुर्चीत मला कळले की जिथे या आरोपाचीही सुनावणी होते, असे एक न्यायासन आहे, आणि मी या क्षणी त्याच्यासमोर बसलो आहे. इतका बारीक, इतका अफाट कायदा! आणि ज्या घरी मला तो समजला, तिथल्या बाईने मला बसायला खुर्ची दिली होती.

त्याच आठवड्यात सैनिक आपल्या घरी परतला. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तयारीच्या उपासनेत दोघांनी उभे राहून साध्या शब्दांत पाप कबूल केले. विवाह ठरल्याचे पाळकसाहेबांनी जाहीर केले. पंचांनी त्यांना प्रभुभोजनाच्या मेजावर घेतले आणि पेटी बाईंकडेच राहिली. माझे पत्र वाचले गेले नाही.

रविवारी द्राक्षारसाच्या लहान पेल्यांचा ट्रे बाकाबाकावरून फिरत आला. मी तो तसाच शेजाऱ्याकडे सरकवला. कोणी पाहिले नसावे असे वाटले.

सोमवारी अकराला बाई माझ्या दारात.

"काल घेतलं न्हाई तुमी. पेटीवरनं समदं दिसतं. म्हनलं, पंचांस्नी सांगायच्या आदी एकटीनं इचारावं. तसाच क्रम हाय न्हवं?" त्या किंचित हसल्या. मग गंभीर झाल्या. "काय झालं?"

कागदाशिवाय इतके खरे मी कधी बोललो नव्हतो. कोर्टातले ते अर्ज, रस्ता, दार, सारे सांगितले. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "त्ये बी पापच हाय. माझ्याएवढंच." सांत्वनाचा एक शब्द नाही. उठता उठता म्हणाल्या, "देवाला सांगा, आनि फुडच्या म्हैन्यात ट्रे सरकवू नगा. मी बघनार हाय."

पुढच्या महिन्यात ट्रे माझ्या हाती आला, तेव्हा पेटीने एक सूर जरा लांबच धरून ठेवला. मी पेला उचलला. मग गीताची पुढली ओळ सुरू झाली.